समारियाची घळ कशी उतरायची: आधी बोट, मग बूट

सगळ्यात आधी बोटीची वेळ बघा, बूट आणि बॅग नंतर. क्रीटमधली समारियाची घळ जिथं संपते ते आयिया रूमेली नावाचं गाव अगदी समुद्राला टेकून आहे आणि तिथं बाहेरून गाडीरस्ताच येत नाही, म्हणजे टॅक्सी बोलवू वगैरे विसराच, घळ उतरून खाली पोचलात की एकतर बोट पकडायची नाहीतर पुन्हा चालायला लागायचं, आणि दिवसभर उतरून पाय गेलेले असताना कोणाला परत चालायचंय? संध्याकाळची शेवटची बोट सीझनमध्ये साधारण साडेपाचच्या आसपास असते, पण महिन्याप्रमाणे टायमिंग बदलतं आणि समुद्र खवळला तर बोटी रद्दही होतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी बोट कंपनीच्या साईटवर एकदा बघूनच घ्या. ती वेळ कळली की बाकी सगळा प्लॅन तिथून उलटा लावायचा.

आता घळ आहे कुठं ते. क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, त्याच्या पश्चिम भागात लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर, चुनखडीचे, उंची २४०० मीटरच्या वर जाते. या डोंगरात वर ओमालोस नावाचं पठार आहे, तिथून घळ सुरू होते आणि दक्षिणेला लिबियन समुद्राला जाऊन भिडते. वरचं टोक साधारण १२३० मीटरवर, खालचं टोक समुद्रावर, मधे एकूण १६ किलोमीटर चाल, त्यातले १३ नॅशनल पार्कमधले आणि पार्कचं खालचं गेट ओलांडल्यावर आणखी ३ गावापर्यंत. हे शेवटचे ३ लोक हिशोबात धरतच नाहीत आणि मग गेटवर येऊन "संपलं ना?" म्हणतात. नाही संपलं. युरोपातली सगळ्यात लांब घळ असं काही टूरवाले छातीठोकपणे सांगतात त्याकडे दुर्लक्ष करा, फ्रान्समधली व्हेर्दों हिच्यापेक्षा बरीच लांब आहे, पण त्यानं समारियाचं काही बिघडत नाही.

आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना पटकन सांगायचं तर सांदण दरी डोळ्यासमोर आणा पण दोर, रॅपलिंग, छातीभर पाणी हे सगळं वजा करा आणि लांबी कितीतरी पट वाढवा. टेक्निकल काहीच नाही, वाट चुकायचा प्रश्न नाही, कारण घळीतून वाट एकच आहे आणि सीझनमध्ये माणसं पुढेमागे असतातच. अवघड आहे तो फक्त उतार. तासन्‌तास उतार.

कधी जायचं? पार्क साधारण १ मे ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, हिवाळ्यात ओढ्याला पूर येतो म्हणून बंद. सीझनमध्येसुद्धा पावसाचा अंदाज असेल किंवा उष्णतेची लाट असेल तर त्या दिवशी बंद ठेवतात आणि हे कधीकधी अगदी आदल्या दिवशी कळतं, म्हणून क्रीटमधल्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी समारिया ठेवू नका, मधे ठेवा म्हणजे एखादा दिवस पुढेमागे सरकवता येतो. माझं मत विचाराल तर मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. मेमध्ये ओढ्याला भरपूर पाणी असतं, फुलं असतात, हवा गार असते. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर जा, पण खालच्या अर्ध्या भागात ऊन तापतं आणि गर्दी इतकी की अरुंद जागी रांगेत उभं राहून फोटो काढावे लागतात.

मुक्काम हानिया शहरात करा. इंग्रजी स्पेलिंग बघून चानिया म्हणाल तर बसस्टँडवर समोरचा जरा वेळ बघत बसेल. अथेन्सहून विमानानं तासाभरात पोचता येतं, किंवा पिरेयसहून रात्रीची मोठी फेरी आहे, सकाळी सूदा बंदरात उतरवते आणि तिथून हानिया जवळच. व्हिसा नेहमीचा शेंगेनचा.

आता सगळ्यात कॉमन लफडं, भाड्याची गाडी. क्रीटमध्ये गाडी घेऊन फिरणं मस्तच आहे पण या एका दिवसासाठी ती हॉटेलवरच राहू द्या. गाडी ओमालोसला लावली तर ती राहते डोंगराच्या वर आणि तुम्ही निघता समुद्रावर, मधे आख्खा पर्वत. सोपा मार्ग म्हणजे हानियाच्या केटेएल (तिथली सार्वजनिक बससेवा) बसस्टँडवरून पहाटे-सकाळी सुटणारी ओमालोसची बस, तासाभराचा घाटरस्ता, वळणं भरपूर आहेत तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी. संध्याकाळी बोटीनं पूर्वेला होरा स्फाकिओनला किंवा पश्चिमेला सूयाला उतरायचं, दोन्हीकडून हानियाला बस मिळते आणि सीझनमध्ये ती बस बोटीच्या वेळेला धरूनच सुटते. स्फाकिओनची बोट वाटेत लूत्रोला थांबते, तेही गाडीरस्ता नसलेलं, पांढऱ्या-निळ्या घरांचं टुमदार गाव. बसचं परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवलं की डोक्याला ताप नाही. टूर कंपनीबरोबर गेलात तर हे सगळं ते बघतात, पैसे थोडे जास्त जातात, आणि घळीत चालताना तसंही प्रत्येक जण आपापल्या वेगानंच चालतो, त्यामुळे टूर म्हणजे फक्त बसची सोय समजा.

पार्कचं तिकीट ऑनलाईन मिळतं, दर बदलत असतात ते बघून घ्या. महत्त्वाचं म्हणजे तिकीट टाकून देऊ नका किंवा फोनमध्ये असेल तर फोनची बॅटरी शाबूत ठेवा, खाली बाहेर पडताना ते तपासतात. संध्याकाळी आत कोणी अडकलं तर नाही ना ते त्यांना त्यावरून कळतं. घळीत बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं, तेव्हा "फोन करू" या भरवशावर ग्रुप तोडू नका, पुढच्या कुठल्या विश्रांतीच्या जागी थांबायचं ते आधीच ठरवा.

बॅगेत काय. इथं सह्याद्रीतली सवय मोडायला लागते. आपण तीन-चार लिटर पाणी पाठीवर घेऊन निघतो, इथं लिटरभराची बाटली पुरे, कारण वाटेत ठिकठिकाणी झऱ्याचं पाणी नळाला आणलेलं आहे आणि ते पिण्यासारखं असतं, थंडगार. वरच्या अर्ध्या भागात अशा जागा जास्त आहेत, खाली कमी होत जातात, म्हणून मधल्या समारिया गावात बाटली पूर्ण भरून घ्या. खायला मात्र सगळं स्वतःचं न्यायचं, पार्कच्या आत वडापावची गाडी तर सोडाच, बिस्किटाचा पुडासुद्धा विकत मिळत नाही. घरून आणलेली चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, थेपले उरले असतील तर त्यांचं सोनं होईल. नाहीतर आदल्या संध्याकाळी हानियाच्या बेकरीतून पालक नाहीतर चीज भरलेला पफ, थोडी फळं आणि पाक्सिमाधी घ्या. पाक्सिमाधी म्हणजे तिथला बार्लीचा टोस्ट, नुसता खाल्लात तर दात हलतील इतका कडक, नळाखाली जरा ओला करून टोमॅटो, चीज आणि ऑलिव्ह तेलाबरोबर खायचा, दगडावर बसून खायला यासारखं काही नाही.

बूट हा वेगळा विषय. सह्याद्रीत आपण स्वस्तातले पातळ सोलचे ट्रेकिंग बूट वापरतो ते काळ्या कातळावर छान धरतात, पण इथं पायाखाली चुनखडीचे दगड आहेत, लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालेले, कोरडे असले तरी सटकतात, आणि खाली गेल्यावर ओढ्याच्या पात्रातले गोटे, ज्यावर तळपाय दिवसभर वाकडेतिकडे होत राहतात. जाड सोलचे, घोट्याला आधार देणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट हवेत. नखं आदल्या दिवशी कापा, हे हसण्यावारी नेऊ नका, एवढ्या उतारावर बोटं बुटाच्या पुढच्या टोकाला आपटत राहतात आणि वाढलेलं नख काळं-निळं होतं. गुडघ्यांची तक्रार असेल तर दोन काठ्या घ्याच, एक नाही, दोन. कपडे एकावर एक, कारण सकाळी ओमालोसला हवा चांगलीच गार असते, जॅकेट लागतं, आणि दुपारी खाली टी-शर्टसुद्धा नको वाटतो. टोपी, सनस्क्रीन, पोहायचे कपडे आणि थोडे रोख युरो.

चाल सुरू होते ओमालोसच्या कडेच्या क्सिलोस्कालोपासून, पार्कचं वरचं गेट तिथंच आहे. पार्कच्या गेटमधून आत शिरलं की समोर गिंगिलोसचा राखाडी कडा उभा असतो, २००० मीटरच्या वर, आणि पायाखाली वाट नागमोडी वळणं घेत खाली बुडी मारते, एका बाजूला लाकडी कठडा, पायऱ्या दगडाच्या, मधेमधे मातीच्या. पहिल्या ३-४ किलोमीटरमध्येच तुम्ही निम्म्याच्या आसपास उंची उतरून जाता. इथं सगळे जोशात असतात, गार हवा, पाईनचा वास, तरुण पोरं तर टणाटण उड्या मारत जातात, आणि हेच लोक दुपारी बीचजवळ कठड्याला धरून चालताना दिसतात. पहिला तास मुद्दाम हळू घ्या. पाऊल छोटं टाका, गुडघा जरासा वाकलेला ठेवा, पायरी उंच असेल तर तिरकं उतरा. वेळ इथं वाचवायचा नसतोच, तो नंतरच्या सपाट भागात आपोआप वाचतो.

उताराचा कडकपणा संपतो तिथं उंच सायप्रसच्या झाडांमध्ये सेंट निकोलसचं छोटंसं चॅपल आहे, आयिओस निकोलाओस, तिथं पाणी, बसायची जागा सगळं आहे. सायप्रसचे बुंधे बघा, काही इतके जुने आणि जाड की दोघांनी मिठी मारली तरी हात पुरत नाहीत. नाश्ता इथं करा. यापुढे वाट ओढ्याच्या कडेनं चढउतार करत जाते, सावली असते, आणि हा माझ्या मते सगळ्यात आनंदाचा टप्पा, फोटोत मात्र तो फारसा येत नाही कारण सगळ्यांना पुढच्या 'लोखंडी दरवाज्यांची', म्हणजे घळीच्या सगळ्यात अरुंद जागेची, घाई असते.

साधारण ७ किलोमीटरवर समारिया गाव लागतं. आता गाव म्हणजे रिकामी दगडी घरं, १९६२ मध्ये नॅशनल पार्क झालं तेव्हा इथल्या लोकांना उठवून बाहेर हलवलं, काही घरं दुरुस्त करून पार्कवाले वापरतात, बाकीची ढासळलेली. जवळच ओसिया मारियाचं जुनं चर्च आहे, चौदाव्या शतकातलं. इथंच दुपारचं जेवण होतं सगळ्यांचं, आणि इथंच क्रीक्री भेटायची शक्यता सगळ्यात जास्त. क्रीक्री म्हणजे क्रीटची रानबकरी, तपकिरी अंगावर काळा पट्टा, नराची शिंगं मागं वळलेली लांबलचक. कड्यावर दुर्बिणीनं शोधत बसाल आणि ती बया तुमच्या बाकाच्या मागून येऊन पिशवीत तोंड घालेल. सरळ डोळ्यात बघते हो, लाजबिज काही नाही. काही देऊ नका, कितीही गोड वाटली तरी, तिला खायला घालणं मना आहे आणि प्लॅस्टिकसकट खाते ती.

नियमांचं एकदाच सांगतो. आत मुक्काम नाही, शेकोटी नाही, ओढ्यात पोहणं नाही, कुत्रा नेता येत नाही, फुलंपानं तोडायची नाहीत. दिक्तामो नावाची एक मऊ लवदार पानांची वनस्पती फक्त क्रीटमध्येच रानात उगवते, औषधी म्हणून पूर्वी लोक जीव धोक्यात घालून कड्यांवरून ती काढायचे, तिचा चहा हानियाच्या बाजारात आरामात मिळतो, तेव्हा इथं हात लावू नका.

गावाच्या पुढे घळ अरुंद व्हायला लागते. ओढा कधी डावीकडे कधी उजवीकडे, दगडांवरून नाहीतर लाकडी फळ्यांवरून पार करायचा, उन्हाळ्यात काही ठिकाणी पाणी गोट्यांखाली गुडूप होतं आणि पुढे परत वर येतं. काही ठिकाणी पाट्या दिसतील, दगड पडण्याचा धोका, थांबू नका, भरभर चाला. या पाट्या खऱ्या समजा. नेमकं तिथंच उभं राहून सेल्फी काढणारे लोक असतात, तुम्ही त्यातले होऊ नका. वाऱ्याच्या दिवशी आणि वर बकऱ्या फिरत असल्या तर बारीक दगड खरंच खाली येतात.

आणि मग पोर्तेस, ज्याला लोखंडी दरवाजे म्हणतात. दोन्ही बाजूंना जवळपास ३०० मीटरच्या उभ्या भिंती आणि मधलं अंतर जेमतेम ३-४ मीटर, ओढा तिथं सगळी जागा व्यापतो म्हणून पाण्यावरून लाकडी फळ्यांचा पूल टाकलेला. बाहेर कितीही ऊन असो, आत शिरलं की गार वारा अंगावर येतो. भिंतीला हात लावून बघा, खाली पाण्यानं घासून गुळगुळीत आणि डोक्याच्या वर लगेच खडबडीत, थरांच्या तिरक्या रेघा, एका जागी तर कागदाच्या चळतीसारख्या दुमडलेल्या. इथं गर्दी तुंबते. दहा मिनिटं बाजूला दगडावर बसून राहा, टूरचा एक लोंढा गेला की मधे मोकळी फट मिळते, तेव्हा फोटो काढा.

दरवाज्यांनंतर भिंती मागं सरतात, सावली संपते, आणि तो हिशोबात न धरलेला उन्हातला भाग सुरू होतो. पार्कचं गेट, तिकीट दाखवणं, पुढे थंड संत्र्याचा ज्यूस विकणारे, जुन्या आयिया रूमेलीची पडकी घरं, आणि मग नवं गाव. गेटपासून गावापर्यंत कधीकधी छोटी शटल व्हॅन मिळते, पाय बोंबलत असतील तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही.

एकूण वेळ किती तर सवयीच्या माणसाला ५ तास, सगळं बघत खात गेलात तर ६-७. सकाळी ८ ला गेटमधून आत गेलात तर दुपारी ३ पर्यंत खाली, म्हणजे बोटीला चांगले दोन-अडीच तास हातात. दुपारी १२ नंतर आपण समारिया गावात पोचलेलोच नाही असं झालं तर रेंगाळणं बंद करायचं. वाटेत पाय मुरगळला तर घाबरू नका पण चमत्काराची अपेक्षाही नको, गार्ड असतात, आणि गरज पडली तर खेचरावर बसवून नेतात, दुसरं वाहन आत येत नाही.

गावात पोचल्यावर आधी बोटीचं तिकीट, मग बाकी सगळं. बीच काळ्याशा गोट्यांचा आहे, दुपारी चप्पल नसेल तर तळपाय भाजतात, पण पाणी इतकं निळं आणि थंड की सुजलेले पाय आत घातल्यावर तोंडातून आपोआप आवाज निघतो. खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी लोकांची क्रीटमध्ये मजाच आहे, दाकोस म्हणजे टोमॅटो-चीज घातलेला तोच बार्लीचा टोस्ट, भरलेल्या टोमॅटो-मिरच्या, लिंबू-तेलातली रानभाजी म्हणजे होर्ता, आणि स्फाकियाची (होरा स्फाकिओनच्या आसपासच्या भागाची) पिटा नक्की खा, आत मऊ चीज भरलेली पातळ पोळी, वरून मध. मे १९४१ मध्ये जर्मन सैन्य क्रीटवर उतरलं तेव्हा ग्रीसचा राजा दुसरा जॉर्ज याच पांढऱ्या डोंगरांतून पायी याच किनाऱ्यावर आला आणि इथूनच ब्रिटिश युद्धनौकेनं निसटला. थोडक्यात, राजालासुद्धा इथून बोटच लागली.

एक दिवस जास्त असेल तर इथं राहाच. साडेपाचची बोट गेली की गाव एकदम रिकामं होतं, खोल्या साध्या आहेत पण समुद्र दारात. वर टेकडीवर तुर्की काळातला पडका किल्ला आहे, आणि मराठी माणसाला किल्ला दिसला की चढावंसं वाटणारच, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

बरोबर आई-बाबा आहेत, लहान मुलं आहेत, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अशा ग्रुपनं सगळ्यांना वरून उतरवायचा हट्ट धरू नये. त्यांना स्फाकिओन किंवा सूयाहून सकाळच्या बोटीनं थेट आयिया रूमेलीला न्या आणि खालून चालत दरवाज्यांपर्यंत जाऊन परत या, चढ अगदी थोडा, आणि सगळ्यात प्रसिद्ध भाग बघून होतो. तिकीट याही बाजूनं लागतंच. समारिया बंद असेल तर इंब्रोसची घळ आहे, साधारण ८ किलोमीटर, स्फाकियाच्याच बाजूला, काही जागी समारियापेक्षाही अरुंद, भिंती तेवढ्या उंच नाहीत पण गर्दी कमी आणि खाली गाडीरस्ता आहे, बोटीची कटकट नाही.

दुसऱ्या दिवसाचं प्लॅनिंग जपून करा. मांड्या आणि पोटऱ्या अशा धरतात की जिना उतरताना उलटं तोंड करून उतरावंसं वाटतं, तेव्हा जमलं तर हॉटेलची खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टवाली घ्या. त्या दिवशी बालोसच्या बीचला गाडीनं जाऊ नका, तिथं पार्किंगपासून बीचपर्यंत उतरून परत चढून यावं लागतं. जायचंच असेल तर किसामोस बंदरातून बोटीनं जा, नाहीतर सरळ एलाफोनिसीचा बीच, तिथं गाडीतून उतरलं की वाळू.